दोरा ओवायला शिकवायचं नाही

माझ्या मावशीला शर्टांच्या कारखान्यात सगळे तोफ म्हणायचे. नव्या मुलींना मशीन शिकवणं हे तिचं काम. पहिल्याच दिवशी डागायची, "डोळे उघडे, तोंड बंद. बोट शिवलंस तर रडायला घरी जायचं!" पण तिच्या हाताखालची पोरगी कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनचे चारही दोरे गप्पा मारत ओवायची.

आणि मग समोरच्या कारखान्यात जायची. तिथे पगार जास्त. मावशीलाही बोलावणं होतं. पण तिथे शिकवणं नव्हतंच, तयार हातच लागायचे. म्हणून ती गेली नाही. शिकवण्यावाचून तिला करमलं नसतं.

मालक भडकला. "पोरी घडवायच्या आम्ही, आणि तो आयत्या बिळावरचा नागोबा!"

"पगार वाढवा, राहतील."

"अक्कल शिकवू नकोस. आजपासून अर्धंच शिकव. शिलाई मारता आली की बास. दोरा ओवायला शिकवायचं नाही. बघू, अर्धवट पोरींना कोण घेतं!"

"आणि दोरा तुटला की?"

"हात वर करतील. तू आहेस की!"

झालं. ओव्हरलॉकचा दोरा तुटायला निमित्त लागत नाही. हॉलभर हात वर.

"मावशी, इकडे!"

"अगं, मला काय दहा पाय आहेत?"

पोरी तरीही गेल्याच. "शाळेतल्यासारखं हात वर करून बसायचं, तर घरीच बसू की!" नव्या आल्या, त्या आणखी कच्च्या. माल रखडला, मोठं गिऱ्हाईक तुटलं.

मालक सगळ्यांसमोर मावशीवर घसरला. "हिच्या ढिलाईनं बुडालो! उद्यापासून शिकवणं बंद. मशीनवर बस गपचूप."

मावशी बसली. गपचूप. दुसऱ्या दिवशी तिचा दोरा तुटला, तसा तिनं हात वर केला.

"काय गं?" मालक खेकसला.

"दोरा तुटला."

"मग ओव की!"

"मशीनवरच्या बाईनं ओवायचा नाही. नियम तुमचाच. शिकवणारीला पाठवा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. एकेक मशीन थांबलं, एकेक हात वर गेला.

मालकानं तणतणत दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि मशीनच्या पोटात डोकं खुपसलं. मावशीचा हात तसाच वर.

"जपून, साहेब," ती म्हणाली. "बोट शिवलं तर रडायला घरी जावं लागतं."