आबांचे पंधरा दात

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीवरच्या मैत्रिणीला नाही — आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या आबांना तर नाहीच. दोन-तीनदा लिहायला बसले होते. दर वेळी पहिल्या पानावर मी स्वतःला जरा बरी करून लिहिलंय असं दिसायचं, आणि मी ते पान फाडायची. या वेळी फाडणार नाही असं ठरवलंय. बघू.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. आमचं गाव पालमच्या पुढे. थोडं कोरडवाहू रान आहे, ते वडील बघतात. मेंढरं मात्र आबांची. दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, की आबा आणि माझे चुलते कळप घेऊन नदीकाठच्या गावांकडे निघायचे ते उन्हाळा तोंडावर आल्यावर परतायचे. तिकडचे शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात ज्वारी देतात. मुक्कामावर सकाळी थापलेली भाकरी संध्याकाळपर्यंत पत्र्यासारखी होते. तीच ठेच्याबरोबर खायची आणि घोंगडी पांघरून पडायचं. पंचाहत्तरी उलटली तरी आबांनी एक साल चुकवलं नव्हतं. घरी राहिले की त्यांना करमायचंच नाही. दसऱ्यापासूनच त्यांची काठी दाराबाहेर उभी असायची.

आणि दात — दातांचं आबांना कुणी शिकवावं असं काही नव्हतं. मेंढराचं वय दातांवरून कळतं. बाजारात ते मेंढीचा ओठ अंगठ्याने वर करायचे, एकदा बघायचे आणि विकणाऱ्याला म्हणायचे, "चार दाती म्हणून इकायलास व्हय रे? पुरती तोंड भरलेली हाय ही. तुझ्या सासूच्या वयाची दिसायलीय." सगळे हसायचे, विकणाराही हसायचा. एखाद्या मेंढीचे दात झिजून पडले, की निघायच्या आधी आबा तिला विकून टाकायचे. चारा तोडता येत नाही, कळपाच्या मागे पडते. "हिचं तोंड गेलं," एवढंच म्हणायचे. लहानपणी मी रडायची तेव्हासुद्धा.

हे सगळं आधी का सांगतेय? कारण दात जाणं म्हणजे काय, हे आबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि मला हे माहीत होतं की त्यांना ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी पोळ्यानंतर आबांची दाढ सुजली. गाल फुगला, ताप आला. घरात बोलणं सुरू झालं — सरकारी दवाखान्यात न्यायचं की प्रायव्हेटला? काकू म्हणाल्या, "या वयात दाताचे काय लाड." चुलते म्हणाले, सरकारीत नुसते हेलपाटे. वडिलांना परभणीच्या दवाखान्याची भीतीच वाटते — केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या नंबरच्या खोलीत जायचं. शेवटी ते म्हणाले, "भागू हाय की तिथं. तिला कळतंय समदं. ती म्हणंल तसं करू."

भागू म्हणजे मी. परभणीला कॉलेजात मी भाग्यश्री. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे कागदाचं काम असलं की ते माझ्याकडे येतं. खरं सांगू? मला ते आवडायचं. एवढ्या मोठ्या माणसांनी माझ्या तोंडाकडे बघत बसावं, हे मला फार आवडायचं.

मी आबांना परभणीच्या बसस्टँडवर थांबायला सांगितलं होतं. ते थांबले नाहीत. पहिल्या एसटीने आले आणि विचारत विचारत थेट आमच्या कॉलेजच्या फाटकावर. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अंगाला मेंढरांचा वास. मधली सुट्टी होती. आणि त्यांनी रानात हाळी देतात तशी हाळी दिली — "ए भागेऽ! भागे गंऽ!"

मुली वळून बघायला लागल्या. वर्गातली एक म्हणाली, "अगं, कुणीतरी भागेला शोधायलंय. कोण गं भागे?" मी दोन क्षण उत्तर दिलं नाही. मग गेले. आबांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पटक्याच्या टोकात बांधलेली उकडलेल्या शेंगांची पुरचुंडी काढून मुलींपुढे धरली. एकीने त्यांच्याबरोबर फोटो काढला. आबांनी तिला सुजलेला गालही दाखवला, तोंड उघडून.

एवढंच झालं. कुणी वाईट बोललं नाही. मुलींनी शेंगा खाल्ल्या, त्यांना आबा आवडलेच असतील. पुढे मी जे केलं त्याला याच्याहून मोठं काही कारण मिळेल म्हणून मी पुष्कळ शोधलं. मिळालं नाही.

दवाखान्यात दातांच्या विभागात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आबांना घाईने उरकलं नाही. दातांचा एक्स-रे फोटो काढला, एकेक दात हळूच ठोकून बघितला. "एकोणीस दात आहेत की बाबा तुमचे अजून. काय खाता?" आबा म्हणाले, "भाकर खातो. अन् सुनंची बोलणी." बाई मनापासून हसल्या. मग आबांना बाहेर बाकावर बसवून त्यांनी मला आत ठेवून घेतलं, कारण आबांना कमी ऐकू येतं. त्यांनी मला नीट समजावलं — चार दाढा काढाव्या लागतील. बाकी पंधरा दात राहतील. हिरड्या खराब झाल्यात, त्या थोड्या थोड्या करून साफ करायच्या, दोन दातांत सिमेंट भरायचं. सहा मंगळवार आणावं लागेल. दिवाळीच्या आत सगळं होऊन जाईल. त्यांनी ते केसपेपरवर लिहूनही दिलं.

सहा मंगळवार.

मी त्या खोलीतून बाहेर येईपर्यंत — किती पावलं असतील? दहा? — माझ्या डोळ्यांपुढे ते फाटक होतं. सहा वेळा ते फाटक. सहा वेळा ती हाळी. आबांना बसस्टँडवर थांबा म्हटलं तरी ते थांबणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी रागावून सांगितलं असतं तर थांबले असते का? कदाचित थांबले असते. तेही मी करून बघितलं नाही.

आबांनी विचारलं, "काय म्हणली गं डाक्तरीण?"

मी म्हणाले, "सगळेच काढायला लागतील म्हणतात. इथं सगळे उपटून टाकतात, आबा. त्यापेक्षा गंगाखेडला प्रायव्हेटला जाऊ. बाबा गाडीवर नेतील तुम्हाला. कवळी चांगली बसवतात तिथं."

आबांनी अंगठा तोंडात घातला आणि खालचे दात एकेक करून हलवून बघितले — बाजारात बघतात तसे. मग म्हणाले, "खालचे तर हालत न्हाईत गं, माय."

इथे मला थांबता आलं असतं. ऐकताना चूक झाली, पुन्हा विचारून येते म्हणता आलं असतं. दार चार हातांवर होतं. मी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "वरून कळत नाही आबा. आतून किडलेत. हे बघा, काळं."

ते काळं म्हणजे दोन दातांमधली मोकळी जागा होती.

आबांनी फोटो हातात घेतला, उलटा-सुलटा केला, डोळे बारीक करून बराच वेळ बघितला. मग मला परत दिला. "मला काय कळतंय त्यातलं. तुला दिसायलंय नव्हं? मग झालं."

केसपेपर मी त्याच दिवशी खोलीवर येऊन फाडला. बारीक बारीक तुकडे केले. म्हणजे काय करतेय ते मला नीट कळत होतं. अजाणतेपणी झालं असं मी म्हणू शकत नाही.

घरी माझं कौतुक झालं. प्रायव्हेटला नेणं म्हणजे माया, आमच्याकडे असंच धरतात. सरकारीत नेलं की लोक विचारतात, घरच्यांना जड झाला का म्हातारा? वडिलांनी दोन मेंढ्या विकल्या. त्या कोणत्या विकायच्या ते आबांनीच दाखवलं. गंगाखेडला पहिल्या वेळी आबांबरोबर मीच गेले. तिथले डॉक्टर चांगले होते, मी त्यांच्यावर काही ढकलणार नाही. त्यांनी विचारलं, "आधी कुठं दाखवलं होतं का? यातले बरेच दात ठेवता येतील असं वाटतंय." थोडे जरी दात राहिले असते तर माझं खोटं उघडं पडलं असतं. मी म्हणाले, कुठंच दाखवलं नाही. म्हणाले, आजोबांना सारखं येणं जमणार नाही, घरच्यांचं ठरलंय, सगळेच काढा. त्यांनी आबांकडे बघितलं. आबांनी मान हलवली, माझ्याकडे बोट केलं. कागदावर आबांचा अंगठा घेतला आणि खाली नातेवाईक म्हणून मी सही केली. इंग्रजीत. नवीन नवीन वळणदार सही होती माझी तेव्हा.

पुढच्या खेपांना वडीलच घेऊन गेले. मी परभणीला होते. आणि खेपा किती झाल्या माहीत आहे? काढायला, टाके बघायला, माप द्यायला, कवळी घासून घ्यायला — सहापेक्षा जास्तच. पण त्यांतल्या एकाही दिवशी कुणी फाटकावर आलं नाही.

दिवाळी झाली तेव्हा आबांच्या हिरड्या भरल्या नव्हत्या. चुलते कळप घेऊन एकटेच निघाले. आई सांगते, आबा कळपामागे ओढ्यापर्यंत गेले आणि परत आले. पुढे कवळी आली. ती टोचते. खालची तर जेवताना उठून येते. आता ते भाकरी दुधात नाहीतर वरणात भिजवून खातात आणि बहुतेक वेळा कवळी डब्यातच असते. मागच्या साली चुलत्यांनी त्यांना चला म्हटलं होतं, मऊ भात करून घालू म्हणाले होते. आबा म्हणाले, "माझं तोंड गेलंय रे. कळपाला भार कशाला." मग निम्मी मेंढरं विकली. बाकीची चुलते बघतात. आबा फार वाळले आहेत. काठी अजून दाराबाहेर असते, पण आता ती कुत्र्याला हाकायला.

मला वाटलं होतं, खोटं एकदा बोललं की ते तिथेच राहतं. तसं होत नाही.

गेल्या महिन्यात मी घरी असताना शेजारच्या गयाकाकू आल्या. त्यांचा जबडा सुजला होता, पदराने धरून बसल्या होत्या. सरकारी दवाखान्यात जावं का, असं विचारत होत्या. मी तोंड उघडायच्या आत आबाच बोलले, कवळी नसल्याने शब्द नीट फुटत नव्हते तरी बोलले — "सरकारीत जाऊ नगं. समदे काढा म्हणत्यात तिथं. आमच्या भागूनं पायलंय. म्हणून तर मला प्रायव्हेटला नेलं तिनं." आणि ते माझ्याकडे बघून हसले. काकूही माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना प्रायव्हेट झेपणार नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

त्या डॉक्टर बाई अजून तिथेच आहेत का, मला माहीत नाही. मी कधी आत जाऊन बघितलं नाही. पण त्यांनी आबांचे पंधरा दात ठेवायचं लिहून दिलं होतं, आणि माझ्या गावात त्यांचं नाव सगळे दात उपटणारी बाई असं झालं आहे. माझ्यामुळे. काकूंना मी हे सांगू शकत होते. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणाले, "हो काकू. तिथं तसंच सांगतात."

गयाकाकू उठून गेल्या. अजून त्या मेडिकलमधून गोळ्या आणून खातात.

तर असं आहे. मला माझ्या आबांची लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले. ते खोटं टिकावं म्हणून गंगाखेडला पुन्हा बोलले, आणि मग गयाकाकूंपुढे बोलले, तेव्हा तर फाटकही नव्हतं, मैत्रिणीही नव्हत्या. मी लहान होते असं म्हणावं तर एकोणीस वर्षांची होते, आणि गेल्या महिन्यात एकवीस.

गयाकाकू येऊन गेल्या त्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आईने गरम भाकरी वाढली. आबांनी नेहमीसारखं ताट भिंतीकडे वळवून घेतलं, भिजवलेला घास बोटांनी तोंडात सारत राहिले. मला कडेची कडक भाकरी आवडते. मी ती आवाज होऊ नये अशी हळूहळू चावत होते. मध्येच त्यांनी वळून विचारलं, "परीक्षा कवा हाय गं?"

मी तारीख सांगितली. दुसरं काही सांगितलं नाही.