दादाचा पाय

पाय बनवणारी बाई म्हणूनच सगळे तिला ओळखत. गुडघ्याखालून पाय गेलेली माणसं तिच्याकडे यायची. ती उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायची आणि त्यावर नवा पाय बेतायची. वीस वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं.

आणि एके दिवशी कुबड्या टेकत दारात कोण उभं? सख्खा मोठा भाऊ. मधुमेहापायी डावा पाय गेला होता.

हाच तो दादा. आई अंथरुणाला खिळलेली, त्यात हिचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा हिने हात जोडले होते, "दादा, एक महिना आईला तुझ्याकडे ने." त्यावर शहाण्याने प्रवचन झोडलं, "अगं छोटे, कुणी कुणाला बांधील नसतं. ज्याने त्याने आपला स्वार्थ नीट बघितला की सगळ्यांचं बरं चालतं. मला नाही जमणार." आई परक्या बायांच्या हाती राहिली आणि दाराकडे बघत बघत गेली. ही तेव्हा दवाखान्यात होती.

आता बरा तावडीत सापडला होता. नडगीचं टोक येतं तिथे साच्यावर थोडं जास्तीचं प्लास्टर चढवायचं असतं, म्हणजे नव्या पायात हाडाला जागा सुटते. तिने ते चढवलंच नाही. चाल म्हणावं आता, पावलागणिक आईची आठवण काढत.

दादा पाय चढवून दोन पावलं चालला. चेहरा पांढरा पडला, पण हूं की चूं केलं नाही. "छान झालाय," तो म्हणाला. "मी तसा वागलो, तरी तू मायेने केलंस."

तिचं डोकंच फिरलं. माया म्हणे. म्हणजे ते दुखणंही हा बहिणीची माया समजून मिरवणार.

"काढ तो," ती म्हणाली.

चार दिवस खपून तिने दुसरा पाय केला, सगळं जिथल्या तिथे. दादा कुबडीशिवाय जिना चढून आला. डोळे भरले होते त्याचे.

"माझ्यासाठी एवढं केलंस."

"तुझ्यासाठी नाही. माझ्या हातचा पाय लंगडताना लोकांनी बघितला तर नाव माझं जातं. मी माझा स्वार्थ बघितला, दादा. तूच शिकवलंस."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याचं तोंड उतरलं. दार वाजून भलतंच कुणी आत आलं की आईचंही असंच उतरत असणार. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. दादा दाराशी थांबून बराच वेळ मागे बघत राहिला. ती पुढच्या साच्याचं प्लास्टर कालवत होती, तिने मान वर केली नाही.