चंप्याच्या भाकरीवरचं तेल

देवपूरच्या भागाबाई अक्कांचा कुत्रा चंप्या दर पंधरा दिवसांनी आजारी पडायचा. उलट्या, जुलाब, मग औषध आणि मऊ भात, की पुन्हा बरा. या खेपेला त्याने पाणीही सोडलं आणि अक्कांचा धीर सुटला. त्या त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "बरा झाल्यावर काय देता?"

"शेवटली भाकर. ती कुत्रानीच राहस."

"कोरडी?"

अक्का दुखावल्या. "कोरडी कशी दिऊ? ज्वारी-उडीदना कळणानी भाकर, वर तेल नि ठेचा लावस. घरनाच शे ना तो!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अक्का, ठेचा तुम्हाला पचतो, त्याला नाही!"

महिना झाला, चंप्याचं पोट ठीक आहे. फक्त मऊ भात पाहून तो रुसतो, म्हणून अक्काही त्याच्यासमोर बसून बिनठेच्याचा भातच खातात.