पाऱ्याने उडवलेलं पार्टिशन

माझ्या मामाला गल्लीत सगळे पारा म्हणायचे. रागावरून नव्हे. रागवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो एका जागी टिकतच नसे. जेवताना मध्येच उठून खिडकी लावून येणार, अर्धी दाढी करून फोन घ्यायला धावणार, बूट घालता घालता वर्तमानपत्र उघडणार आणि शेवटी एकाच पायात बूट घालून बाल्कनीत जाऊन उभा राहणार. मामी म्हणायची, "लग्नाच्या फोटोतसुद्धा हे हललेत." मी तो फोटो पाहिलाय. मामी अगदी स्पष्ट आलीय आणि तिच्या शेजारी मामाच्या आकाराचा धूर आहे.

आणि गंमत म्हणजे मामा स्वतः फोटोवाला. नाक्यावर त्याचा स्टुडिओ होता. लोकांच्या खिशात फोन आले तसा तो आधी अर्धा दिवस बंद राहू लागला, मग पूर्ण बंद झाला. त्यानंतर मामाने घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि स्कॅनर मांडला आणि जुने फोटो नीट करून द्यायचं काम सुरू केलं. फाटलेले, पाणी लागलेले, पिवळे पडलेले, कुणाच्या तरी चेहऱ्यावर घडी गेलेली असे फोटो लोक जपून कागदात गुंडाळून आणायचे. एकेक डाग पुसत तासन्‌तास बसायचं काम. मामासारखा माणूस ते कसं करतो, याचं मला नवल वाटे. तो बसायचा, उठायचा, घरभर फिरून यायचा, पण परत आला की सुरकुती जिथे सोडली होती तिथूनच पुढे पुसायला लागायचा.

कॉम्प्युटर मात्र म्हातारा झाला होता. काम ऐन रंगात असताना तो आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होई. मग एक दिवस पडद्यावर सूचना आली की या सिस्टीमला आता नवीन सुधारणा मिळणार नाहीत. मामाने इंटरनेटवर शोधाशोध केली आणि लिनक्स नावाची फुकट मिळणारी नवी सिस्टीम टाकायचं ठरवलं. जुन्या यंत्रावरही ती हलकी चालते, असं त्याने वाचलं होतं. अडचण एकच होती. स्कॅनरचा प्रोग्राम फक्त जुन्या सिस्टीमवर चालायचा. म्हणजे जुनी ठेवायची आणि नवीही टाकायची, दोन्ही एकाच डिस्कवर.

"आधी सगळे फोटो बाहेर कुठेतरी उतरवून घ्या," मामीने बजावलं होतं.

मामाने वेगळी डिस्क जोडून उतरवायला सुरुवातही केली. जुनी कामं उतरली. अलीकडच्या काही महिन्यांचं राहिलं. कॉपीची पट्टी सरकेना, तसा तो कंटाळला. "उरलेलं नंतर," म्हणाला आणि डिस्क काढून कपाटात ठेवून दिली.

मी त्या वेळी एका मुलाखतीसाठी त्यांच्याकडे उतरले होते. रविवार होता. मामी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची आणि रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं असायचं. ती बाहेर पडली न पडली तोच मामाने बाह्या सरसावल्या.

सुरुवात तर झकास झाली. जुन्या सिस्टीममध्ये जाऊन त्याने मोठं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा मोठा भाग, जरा आखूड केला आणि नव्या सिस्टीमला जागा काढली. मग कॉम्प्युटर बंद करून, नवी सिस्टीम भरून ठेवलेल्या पेनड्राइव्हवरून सुरू केला. नव्या सिस्टीमची टाकायची खिडकी उघडली. मोकळी केलेली जागा तिथे दिसत होती, पण तिच्यापुढे लिहिलं होतं, 'वापरता येणार नाही.' बटण दाबलं तर दबेना.

"मोकळी आहे आणि वापरता येणार नाही म्हणजे काय?" मामा माझ्याकडे वळून म्हणाला, जणू ती जागा मीच अडवून बसले होते.

त्याने उभ्या उभ्या फोनवर उत्तर शोधलं. या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य पार्टिशनं चारच करता येतात. मामाच्या डिस्कवर कारखान्यातूनच चार केलेली होती. पाचव्याला वाव नव्हता, मग जागा कितीही रिकामी असो. त्यामुळे एक काढून टाकावं लागेल. मामाने एवढंच वाचलं. खाली आणखी बरंच लिहिलेलं होतं.

"हे बघ," तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे सगळ्यात छोटं. एवढासा तुकडा. यात काय मावणार? हेच काढू."

"मामा, कुणाला तरी विचारून बघ ना."

"रविवारचं कोण बसलंय सांगायला?" म्हणेपर्यंत त्याने ते उडवलंही होतं.

लगेच त्याचं त्यालाच कसंसं वाटायला लागलं. जुनी सिस्टीम ठीक आहे ना, हे आधी बघू म्हणून त्याने पेनड्राइव्ह उपसला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. पडदा काळाच राहिला. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली. सुरू करण्यासारखं काही सापडत नाही, असा तिचा अर्थ होता.

मामाने पुन्हा बंद केला, पुन्हा सुरू केला. वायर काढून फुंकर मारली आणि परत लावली. तीच ओळ. मग त्याने कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो कुठेतरी बाजारात होता. म्हणाला, "आणून टाका उद्या. पुसून नवीन करून देतो."

"आणि आतले फोटो?"

"ते गेले समजा. काही मिळालंच तर तुमचं नशीब."

मामाने फोन ठेवला आणि तो येरझाऱ्या घालायला लागला. खोलीतून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात. पाण्याचा पेला भरला आणि न पिताच ठेवला. बेसिनचा नळ उघडला, बंद केला. "लोकांचे आहेत गं ते," एवढंच मध्येमध्ये म्हणत होता. मूळ फोटो लोकांकडे परत गेले होते हे खरं, पण महिनोन्‌महिन्यांची मेहनत आत अडकली होती. त्यातले काही मूळ फोटो तर हात लावला तरी चुरा होण्याच्या बेताला आलेले होते.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक उंच म्हातारे गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी कापडी पिशवी. ते बसचे निवृत्त कंडक्टर. त्यांच्या आईचा एकटीचा एकही फोटो नव्हता. नात्यातल्या कुठल्याशा समारंभाचा गटाचा फोटो होता आणि त्यात मागच्या रांगेत, पुढच्या बाईच्या खांद्याआड अर्धी झाकलेली, त्यांची आई उभी होती. तेवढ्या अर्ध्या चेहऱ्यावरून मामाने पूर्ण चेहरा तयार केला होता, कित्येक आठवडे खपून. आणि यांना रविवारी घेऊन जा म्हणून सांगितलेलं होतं.

"या, बसा," मामा म्हणाला आणि त्यांना खुर्ची देऊन स्वतः न्हाणीघरात जाऊन उभा राहिला.

मामी आली ती अशा वेळी. काळा पडदा, मुकाट बसलेले कंडक्टर आणि न्हाणीघराचं लावलेलं दार. तिने मला काय झालं विचारलं, मी सांगितलं. मग तिने कंडक्टरांनाही आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. "फोटो मिळेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, काका. तुम्ही हवं तर घरी जा. काय होईल ते मी कळवते."

ते थोडा वेळ पिशवीची घडी घालत राहिले. "गाडी रस्त्यात बंद पडली म्हणून मी कधी उतरून घरी गेलो नाही," ते म्हणाले. "बसतो. माझी अडचण होणार नसेल तर."

मामीने न्हाणीघराचं दार वाजवलं. "अहो, बाहेर या. रागावत नाही मी."

मामा आला. तिने त्याला खुर्चीत बसवलं, त्याचा फोन काढून घेतला आणि शेजारी स्टूल ओढलं. "मी वाचणार. ओळ संपवून मी 'हं' म्हटल्याशिवाय तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. आमच्या दुकानात निम्मे लोक अक्षर न बघताच अंदाजाने ठोकून देतात. तुम्ही त्यांतले."

"अगं पण..."

"हं म्हटलं का मी?"

मामाने हात मांडीखाली घेतले.

तिने फोनवरचं ते उत्तर पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. पार्टिशन उडवलं की बहुधा त्याची नोंद जाते, आतला मजकूर जागच्या जागी राहतो, पण त्यावर नवं काही लिहायचं नाही. म्हणून काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच नवी सिस्टीम चालू केली. मोठं पार्टिशन दिसलं, पण उघडेना. जुनी सिस्टीम पुरती बंद झालेली नाही, अर्धवट झोपवलेली आहे, सबब फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही, असा निरोप आला.

"आपल्याला वाचायचंच तर आहे," मामी म्हणाली. "हं."

फोल्डर उघडला आणि आत चेहरेच चेहरे दिसले. मामाने मांडीखालचे हात काढून तोंडावर ठेवले. कपाटातली डिस्क आणली आणि राहिलेले सगळे फोटो तिच्यावर उतरवायला लावले. पट्टी पुन्हा तशीच मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. मामाचा गुडघा टेबलाखाली इतका हलत होता की पेनस्टँड थरथरत होता. एकदा तो उठायला गेला तेव्हा मामीने नुसतं त्याच्या शर्टाचं टोक धरलं. मी चहा केला. तो कंडक्टरांनी प्यायला, मामाचा गार झाला.

फोटो उतरले. मग मामीने हरवलेली पार्टिशनं शोधणारा एक प्रोग्राम नेटवरून घ्यायला लावला. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. तो बराच वेळ डिस्क चाचपत राहिला आणि शेवटी त्याने यादी दाखवली. त्यात तो छोटा तुकडा होता. जुनी सिस्टीम सुरू करून देणाऱ्या फायली नेमक्या त्याच्यातच होत्या. यादी डिस्कवर लिहू का, असं प्रोग्रामने विचारलं. मामीने ती ओळ दोनदा वाचली. मग "हं" म्हणाली.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. काळा पडदा. तीच पांढरी ओळ.

मामा उठला आणि चपला न घालताच जिन्यात गेला. त्याची पावलं खाली जाताना आणि वर येताना ऐकू येत होती. मामीने त्याला अडवलं नाही. ती बोटाने फोनवरचा मजकूर वर सरकवत खाली खाली वाचत राहिली, अगदी शेवटपर्यंत. तिथे कुणीतरी हीच रड लिहिलेली होती आणि दुसऱ्याने तिचं उत्तर दिलेलं होतं. पार्टिशन परत आणलं तरी 'इथून सुरू कर' अशी त्यावर खूण करावी लागते. ती नसेल तर कॉम्प्युटर त्या पार्टिशनकडे ढुंकूनही बघत नाही.

"वर या," तिने दारातून हाक मारली. "एक खूण राहिलीय."

खूण झाली. या वेळी पडद्यावर जुन्या सिस्टीमचं चिन्ह आलं आणि खाली ते नेहमीचं गोल फिरू लागलं. कंडक्टरांनी घातलेली घडी उलगडून पिशवी मांडीवर पसरली. मामाने गार चहा एका घोटात संपवला.

मला वाटलं, आता पुरे म्हणेल. पण मामी म्हणाली, "अर्धवट ठेवलंत तर उद्या मी दुकानात गेल्यावर पुन्हा बसाल. आत्ताच संपवा." मग चारांपैकी कुठलं काढलं तर चालतं, तेही तिने नीट वाचून काढलं. एक पार्टिशन कंपनीने दिलेल्या किरकोळ प्रोग्रामांचं होतं. त्याचीही नक्कल ठेवून ते काढलं आणि त्याच्या जागी असं पार्टिशन केलं की ज्याच्या पोटात आणखी कितीही करता येतात. मोकळी जागा त्यात आली. 'वापरता येणार नाही' ही अक्षरं गेली. नवी सिस्टीम बसली. आता कॉम्प्युटर सुरू करताना दोन नावं येत होती, हवं ते निवडा म्हणून.

कंडक्टर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बघू का आता?"

मामाने नव्या सिस्टीममध्ये तो फोटो उघडला. राखाडी पडद्यावर एका मध्यमवयीन बाईचा चेहरा आला, समोर बघणारा, कुणाच्याही खांद्याआड न लपलेला. मामीही पहिल्यांदाच बघत होती. "सुरेख झालाय," ती म्हणाली.

कंडक्टर पाहत राहिले. चष्मा काढून पुसला, परत लावला. मामा त्यांच्या मागे उभा राहून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होता.

"फोटोवाले, फार मेहनत घेतलीत तुम्ही," ते शेवटी म्हणाले. "पण ही माझी आई नाही."

मामाचे पाय जागच्या जागी थांबले.

"डावी बाजू तिची आहे. ती फोटोत होतीच. उजवी तुम्ही तशीच उलटी करून लावलीत, हो ना? तसंच करणार माणूस. तुम्हाला कसं कळणार? तिची उजवी भुवई जरा वर चढलेली होती. लहानपणी पडली होती ती. त्यामुळे कायम काहीतरी विचारतेय असं वाटायचं." ते ओशाळल्यासारखे हसले. "आधी सांगायला हवं होतं. पण मलाच आत्ता आठवलं. हे बघितल्यावर."

मला वाटलं, आता मामा पुन्हा जिन्याकडे जाणार. पण तो खुर्चीत बसला. ब्रश घेतला, फोटो मोठा केला आणि ती भुवई पडद्यावर मधोमध आणली.

"किती वर?" त्याने विचारलं.

"थोडी. अजून. तिकडे टोकाला नाही, मधे." कंडक्टरांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं. "नाही, एवढी नाही. रागावलेली दिसायला लागली. ती रागवायची नाही."

मामाने केलेलं पुसलं आणि पुन्हा काढायला घेतलं. मामी स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचे आवाज येऊ लागले, बाहेर उन्हं उतरली, मी दिवा लावला. दोघांपैकी कुणीच मान वर केली नाही.

"आता?"

"जरा खाली घ्या."

"आता?"

कंडक्टर पुढे वाकले. "काय गं आई?" ते पडद्याकडे बघत म्हणाले.