जुलै ते फेब्रुवारी, एकाच दुपारी

कल्लाप्पा मगदूम सरांना कॉलेजात कुणी कधी घाईत पाहिलं नव्हतं. एक वेळ तेवढी सोडायची. संध्याकाळी साडेपाच वाजले की सर स्कूटरला किक मारत आणि समडोळीच्या रस्त्याला लागत. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा घरचा नेम. एकतीस वर्षांत पाच प्राचार्य बदलले, अभ्यासक्रम किती वेळा बदलला याची तर मोजदादच नाही, पण साडेपाचची किक चुकली नाही. स्टाफरूममधलं घड्याळ बंद पडलं तर शिपाई ते सरांच्या स्कूटरच्या आवाजावरून लावून घ्यायचा.

सर प्राणिशास्त्राचे. शिकवणं चांगलं, बोलणं मोजकं. प्रशिक्षणं घेण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. उजळणी वर्ग, कार्यशाळा, ऑनलाइन काय काय मिळून सतरा प्रमाणपत्रं. त्यातली बरीचशी स्वयंपाकघरात मिळवलेली. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, कॅमेरा बंद करायचा आणि बायको गुणमालाकाकूंच्या समोर मटार सोलायला बसायचं. ‘नवशिक्षकांना मार्गदर्शन’ या सात दिवसांच्या प्रशिक्षणात सरांनी नऊ किलो मटार सोलले आणि ‘अ’ श्रेणी पटकावली. व्याख्यानं ऐकली ती काकूंनी. चाचणीची उत्तरंही त्यांनीच सांगितली.

अशा अधिकारी माणसाला कॉलेजनं मार्गदर्शक नेमलं यात नवल नव्हतं. योजना नवीन होती: प्रत्येक नव्या शिक्षकामागे एक जुना शिक्षक, महिन्याला एक बैठक, अडचणी ऐकायच्या, वाट दाखवायची. सरांच्या वाट्याला प्रांजल विरकर आली. माण तालुक्यातली, म्हसवडकडची. घरी मेंढरं. घरात एम.एस्सी. झालेली ती पहिलीच, आणि वर्षभराच्या करारावर का होईना, प्राध्यापक म्हणून लागलेली. जुलैत नेमणुकीचा कागद आला, सरांनी त्यावर सही केली आणि तो खणात टाकला. त्यानंतरच्या आठ महिन्यांत ते तिच्याशी तीन वाक्यं बोलले. त्यातलं एक होतं, “जाताना पंखा बंद करून जावा.”

फेब्रुवारीच्या अखेरीला कळलं, की कॉलेजची तपासणी करायला समिती येतेय, पंधरा दिवसांत. फायलींचं काम जयराज सरांकडे होतं. तरुण, चळवळ्या माणूस. फाइल फुगलेली दिसली नाही की त्याला अन्न गोड लागत नसे. एका दुपारी अडीचला तो शर्टांचा ढीग खांद्यावर टाकूनच प्राणिशास्त्र विभागात शिरला. मागोमाग प्रांजल, हातात सात-आठ ओढण्या घेऊन.

“सर, तुमच्या मार्गदर्शनाच्या आठ बैठकांचे आठ फोटो पाहिजेत.”

“बैठका कुठं झाल्यात?”

“त्याच तर आज घ्यायच्यात,” जयराज म्हणाला आणि त्यानं टेबलावरचा कचरा खाली सारला.

त्यानं सगळं योजून ठेवलं होतं. प्रत्येक महिन्याला वेगळा शर्ट, वेगळी ओढणी. जुलैसाठी छत्री, तीही नळाखाली धरून ओली केलेली. ऑगस्टसाठी खिशाला छोटा झेंडा. सप्टेंबरात टेबलावर मोदकांची बशी, त्यातले मोदक प्लॅस्टिकचे. सरांनी जन्मात पांढऱ्याशिवाय दुसरा शर्ट घातला नव्हता. जिमखान्याच्या मास्तरांचा केशरी टी-शर्ट गळ्यातून खाली ओढताना ते पुटपुटले, “ह्ये सगळं बघायला समडोळीतलं कोण न्हाई, तेवढंच बरं हाय.”

फोटो काढायचा तर नुसतं बसून भागेना. जयराज ओरडायचा, “बोला की सर! ओठ हलले पाहिजेत!” सरांना सुचेना. मग ते मेंढीचं वर्गीकरण म्हणायला लागले. संघ, वर्ग, गण, कुळ. प्रांजल मान डोलवायची. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे पार पडले. ऑक्टोबरला ती अजून पुढची ओढणी शोधत होती, तेव्हा जयराजनंच तिच्या गळ्यात हिरवी टाकली.

नोव्हेंबरला त्याला टेबल फारच मोकळं वाटलं. “काहीतरी कागद द्या ना सरांच्या हातात. चर्चा वाटली पाहिजे.” प्रांजलनं पर्समध्ये हात घातला, हाताला लागला तो घडी केलेला कागद काढला आणि न बघताच पुढे केला. सरांनी चष्मा चढवला. वाचल्यासारखं करायचं, तर खरंच वाचणं त्यांना सोपं वाटलं.

“हां, अस्सं! झकास गंभीर चेहरा, सर!” जयराज म्हणाला. “नोव्हेंबर झाला. आता डिसेंबर. स्वेटर बघून येतो.” आणि तो पळाला.

फेब्रुवारी अखेरच्या उन्हात सांगलीच्या बाजूला स्वेटर मिळणं म्हणजे मोठं काम. कपाटातला, ट्रंकेतला, कुठल्या तरी घरातला काढायला जयराजला तासभर लागला. हा तास नसता, तर पुढचं काहीच झालं नसतं.

कागदावर लिहिलं होतं, ‘विषय : राजीनामा.’

प्रांजलच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तिनं कागदाकडे हात केला, सरांनी तो दिला नाही. एवढ्यात त्यांना गुणमालाकाकू आठवल्या. मटार सोलता सोलता त्या कितीदा म्हणाल्या होत्या, “आवं, त्या मॅडम सांगत्यात बघा, आदी ऐकून घ्यायचं.” मग सर गप्प बसले. गप्प बसणं त्यांना चांगलं जमत होतं.

“उद्या देणार हुते सर,” प्रांजल म्हणाली. इतके दिवस कॉलेजात सांभाळून बोललेली पुस्तकी भाषा तिच्या तोंडून एका क्षणात निसटली. “मला न्हाई जमत. लय झालं. घरी मेंढरं हायती, ह्ये कुठनं कळलं पोरांला, काय म्हाईत. फळ्याकडं तोंड केलं, की मागनं आवाज येतो. ब्यां. एक जण काढतो, मग चार जण. मग सगळा वर्ग. मी मागं वळूनच बघत न्हाई आता. तासभर फळ्यावर लिवत ऱ्हाते. आठ महिने झालं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला टेबलावर हाताशी होती ती ऑक्टोबरची हिरवी ओढणी. सरांना एकदम लाज वाटली. ही मुलगी शेजारच्या टेबलावर आठ महिने बसत होती आणि आपण तिला पंखा बंद करायला सांगत होतो.

“माझ्या टेबलावर बेडूक असायचा,” सर म्हणाले.

“आँ?”

मग कल्लाप्पा सरांनी एकतीस वर्षांत कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. प्राणिशास्त्र त्यांनी घेतलं, कारण दुसरीकडे जागाच नव्हत्या. घरात मुंगीसुद्धा फुंकर घालून बाजूला करायची पद्धत. शिकताना बेडूक कापायची वेळ आली, तर जोडीदार कापायचा, सर आकृती काढायचे. पण नोकरी लागल्यावर पहिल्याच प्रात्यक्षिकाला चाळीस पोरांसमोर सुरी त्यांच्या हातात आली, आणि सर आडवे झाले. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर प्लॅस्टिकचा बेडूक यायला लागला. रोज. एक दिवस त्याच्या गळ्यात हार होता.

“मीबी लिवला हुता,” सर कागद हलवत म्हणाले. “चार दिवस खिशात ठेवून घामानं पार फिसकटला. तवा आमचे विभागप्रमुख आप्पासो सर. एक शब्द बोलले न्हाईत. रोज माझ्या तासाला येऊन मागच्या बाकावर पेपर घेऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी पेपरातनं डोकं काढलं आणि मला एक शंका विचारली. खरी शंका, बरं का. त्यास्नी येत नव्हतं ते. मी सांगितलं. बेडूक बंद झाला.”

प्रांजल आता हसत होती. तो हार घातलेला बेडूक तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. तेवढ्यात जयराज घामाघूम होऊन आला, सरांना लोकरीत कोंबलं आणि डिसेंबर उरकला. त्या फोटोत तिचे डोळे लाल आहेत आणि ती पोट धरून हसतेय. जयराज म्हणाला, “असं आधी का नाही केलंत?”

मग त्यांचं बोलणं थांबेनाच. जानेवारीचा फोटो तीनदा काढावा लागला, कारण दोघंही कॅमेऱ्याकडे बघायला विसरले. सव्वासहाला सरांचा मोबाइल वाजला.

“कुठं हायसा? भाकरी गार झाली की,” गुणमालाकाकू म्हणाल्या.

“आत्ता जानेवारी झालाय,” सर म्हणाले. “फेब्रुवारी ऱ्हायलाय.”

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा सर कामापायी उपाशी झोपायला निघाले. काकूंनी झाकलेलं ताट उचलत विचारलं, “मीटिंग हुती व्हय?”

“आठ हुत्या.” मग थोडं थांबून, “पोरगी नोकरी सोडायला निघालीया. आठवडाभर थांब म्हटलंय.”

“आदी ऐकून घेतलं न्हवं?”

“घेतलं,” सर म्हणाले आणि पाणीसुद्धा न पिता पडले.

दुसऱ्या दिवशी अकराला कल्लाप्पा सर पेपर घेऊन प्रांजलच्या वर्गात शिरले आणि मागच्या बाकावर बसले. बाक लहान, सर थोराड. गुडघे बाहेर आले. तिनं फळ्याकडे तोंड केलं. आवाज आला नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पोरं सरांना सरावली आणि खिडकीकडून हळूच आलाच, “ब्यां.”

प्रांजलचा खडू थांबला. सरांनी पेपरातून डोकं वर काढलं. रागावले नाहीत.

“मॅडम,” ते म्हणाले, “मेंढीचा विषय निघालाच हाय, तर एक शंका. पुस्तकात रवंथाचं चार कप्प्यांचं चित्र असतं, ते मी तीस वर्षं शिकवतोय. पण मेंढी रवंथ करताना मी कवा नीट बघितलेली न्हाई. ती नेमकी करते कशी?”

प्रांजल वळली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं वर्गाकडे तोंड केलं. मेंढी बसते कशी, डोळे अर्धे मिटते कशी, गळ्यातून गोळा वर येताना हात लावला तर कसा कळतो, हे तिनं सांगितलं. आजोबा अंधारातही रवंथाचा आवाज ऐकत पडायचे आणि एकीचा जरी थांबला तरी उठून कंदील लावायचे, हेही सांगितलं. मग पोटाचे चारही कप्पे फळ्यावर काढले. खिडकीकडचा पोरगा वहीत उतरवून घेत होता. सरांनीही पेपरच्या कडेला काढून घेतलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मार्चमध्ये समिती आली. अध्यक्षांची नजर अधू असल्याचं कुठूनसं समजल्यानं जयराजनं फोटो सांगलीहून चांगले मोठे करून आणले होते, रंगीत, फाइलीतून बाहेर येतील एवढे. अध्यक्षांनी ते ओळीनं लावले. समोर मार्गदर्शक म्हणून कल्लाप्पा सर उभे होते, कडेला प्रांजल.

“तुमच्या मागं भिंतीवर घड्याळ आहे,” अध्यक्ष म्हणाले. “जुलैची बैठक पावणेतीनला. ऑगस्टची तीनला. सप्टेंबरची सव्वातीनला. नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याला बरोबर पाव तास उशीर, आणि पुढं एकदम तासभर. असं कसं?”

जयराज पुढं सरसावला. तो काही रचून सांगणार, एवढ्यात कल्लाप्पा सर बोलले.

“सगळं एकाच दुपारी काढलंय, साहेब. बैठका झाल्याच न्हाईत. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत न्हाई. डिसेंबरची झाली.”

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि नोव्हेंबरचा फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. एवढा मोठा केलेला फोटो. सरांच्या हातातल्या कागदावरचं अक्षर न् अक्षर लागत होतं. त्यांनी वाचलं.

“या बाई कधी सोडून गेल्या?”

“न्हाई गेले, सर,” प्रांजल म्हणाली. “मीच ती. माफ करा, अकराला माझा तास हाय.”

अध्यक्षांनी मनगटावर पाहिलं. अकराला दोन मिनिटं होती. प्रांजल हजेरीपट घेऊन दाराकडे निघाली, आणि तिच्यामागोमाग कल्लाप्पा सरही टेबलावरचा पेपर उचलून निघाले.

“अहो, तुम्ही कुठं? तुमचाही तास आहे का?”

“हाय की,” सर दारातून म्हणाले. “मागच्या बाकावर.”