मराठीचा पेपर, उजवीकडून

निजामाच्या राज्यात आम्ही भूमितीसुद्धा उर्दूतून शिकलो. त्रिकोण दिसला की माझ्या मनात आजही आधी ‘मुसल्लस’ येते. कॉलेजात जायचे तर मॅट्रिकला उर्दू आणि इंग्रजी सक्तीची, शिवाय आणखी एक भाषा. नांदेडच्या आमच्या शाळेत ती भाषा म्हणजे फारशी. शिकवायला मौलवीसाहेब होते आणि मार्क सढळ मिळत. मराठीही घेता येते, असे नियमांत छापले होते. ती कोणी खरोखर घेईल, अशी छापणाऱ्यांना भीती नसावी.

मी घेतली. वर्गात एकटाच, आणि शिकवणारे कोणी नाही. लातूरच्या मामांनी पुस्तके पाठवली, तेवढीच शिकवणी. मुखेडकडे शेती करणारे वडील म्हणाले, “मराठी तर तुला येतीच की. येती तिची परीक्षा कशाला द्यायलास?”

नापास झालो तर कॉलेज संपले आणि गावाकडे औत आहेच, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

परीक्षेला देखरेखीवर मौलवीसाहेबच होते, कडक शेरवानीत. उत्तराची वही उर्दूच्या रीतीने उजवीकडून उघडणारी. वर्षानुवर्षांच्या सवयीने मी तशीच उघडली आणि लिहीत सुटलो. ओळी डावीकडून, पाने उजवीकडून. चार पाने झाल्यावर मौलवीसाहेब माझ्यापाशी थांबले.

“मियाँ,” ते हळूच म्हणाले, “जाँचनेवाले पंडितजी तो आखिर से पढेंगे.”

तपासणारे वही मराठीच्या रीतीने डावीकडून उघडणार, म्हणजे माझे शेवटचे पान त्यांचे पहिले. दुसरी वही मिळत नसे. त्यांनी मला प्रत्येक पानावर आकडा घालायला लावले आणि वहीच्या तोंडावर स्वतः सुरेख उर्दूत लिहिले, की पाने आकड्यांप्रमाणे वाचावीत. खाली सही केली, सगळ्या पदव्यांसकट. पदव्या सूचनेपेक्षा लांब झाल्या. एरवी मी त्यांना हसलो असतो. त्या दिवशी आणखी दोन असत्या तरी चालले असते.

पास झालो. मार्क बेताचेच. फारशीत नक्की जास्त पडले असते. मराठी घेऊन कॉलेजात गेलेला आमच्या शाळेतला मी पहिला. हैदराबादला प्रवेशाचा अर्ज भरताना भाषेच्या रकान्यात मी ‘मराठी’ लिहिले, अर्थात उर्दू लिपीत. इतके वळणदार अक्षर मी पुन्हा कधी काढले नाही.