आभारानंतरची सिंफनी

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून इथे संत्र्यांइतकाच प्रमुख पाहुण्यांनाही बहर येतो. वाचनालयाचं सभागृह मागायला गेलो तेव्हा हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. खरं तर मला सभागृह नको होतं, तिथले दोन मोठे स्पीकर हवे होते.

ते हवे होते माझ्या शेजाऱ्यांसाठी. त्यांची तीस वर्षं जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या गडगडाटात गेली. डावा कान कधीचाच गेला होता. उजवाही वर्षभरात जाईल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी सौंसरच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेला. ऐकायला कुणी भेटलं की सांगत सुटतो. बोलता बोलता सांगून बसलो की एका जर्मन संगीतकारानं कान जात असताना पाचवी सिंफनी लिहिली, आणि पार बहिरा झाल्यावर नववी.

"सरजी, ते पाचवी पुरी ऐकवा मले," ते म्हणाले. "ऐकू येते तोवर."

हेडफोनमधून त्यांना नुसती घरघर ऐकू येई, आणि माझा घरचा स्पीकर डब्याएवढा. म्हणून वाचनालय. समितीनं सभागृह दिलं, पण कार्यक्रम म्हणून. कार्यक्रम म्हटला की दीपप्रज्वलन आलं, शाल-श्रीफळ आलं, आणि त्याची देवाणघेवाण करायला माणसं आली. रविवारी दुपारी चारला ठरलेली सिंफनी सव्वापाचला सुरू झाली. तोवर तीन भाषणं झाली होती. एकानं सिंफनीची तुलना सहकारी संस्थेशी केली. सिंफनीचे चार भाग असतात आणि मध्ये क्षणभर शांतता असते, एवढंच मला सांगायचं होतं. वेळेअभावी मला खाली बसवण्यात आलं.

अखेर ते सुप्रसिद्ध चार ठोके पडले. पहिल्या रांगेत उजवा कान स्पीकरकडे करून बसलेले शेजारी ताठ झाले. सात-आठ मिनिटांनी पहिला भाग संपला, शांतता आली, आणि दुपारपासून हातात कागद धरून बसलेले आभार मानणारे गृहस्थ थेट माइकवर पोचले. आमच्याकडे वाजणं थांबलं की आभारच असतात. त्यांनी पाहुण्यांचे मानले, खुर्च्यावाल्यांचे मानले, आणि अमूल्य वेळ दिल्याबद्दल संगीतकार महोदयांचेही मानले. मी हात वर केला. तो त्यांनी माझा नमस्कार समजून स्वीकारला. लगेच राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उभे, मीही उभा. राष्ट्रगीतात हरकत घेता येत नाही.

लोक आलूबोंड्यांकडे गेले. समितीचे सचिव म्हणाले की आता काही वाजवता येणार नाही, राष्ट्रगीतानंतर कार्यक्रम नसतो. मी म्हटलं, तीन भाग राहिलेत. ते म्हणाले, पुढच्या वर्षी घेऊ.

शेजारी पुन्हा खुर्चीत बसले होते. काहून थांबलं, त्यांनी विचारलं. मी उजव्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. त्यांनी सचिवांकडे शांतपणे पाहिलं.

"भाऊ, तुमचा कार्यक्रम झाला. मस्त झाला. आता आमी फक्त ऐकून राहिलो."

याला नियम नव्हता. मी सचिवांकडून किल्ली मागून घेतली आणि दुसरा भाग लावला.

शेजाऱ्यांनी खुर्ची स्पीकरला भिडवली आणि त्याच्या लाकडावर तळहात ठेवला. दुसरा भाग संपला तशी पुन्हा शांतता आली. मी दाराकडे बघत राहिलो. आभारवाले बाहेर उभे होते, पण त्यांच्या तोंडात बोंडा होता. तिसरा भाग मात्र न थांबता चौथ्यात शिरतो. जाणकार याची गंभीर कारणं देतात. त्या संध्याकाळी मला वाटलं, त्या संगीतकारानंही आपल्या हयातीत बरेच आभार ऐकले असावेत.

शेवटचा स्वर विरला तरी शेजाऱ्यांचा हात स्पीकरवरच होता. पुरी झाली का, त्यांनी खुणेनं विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

"कायची पुरी," ते म्हणाले. "मधात आभार घुसले नं. पयल्यापासून लावा."

किल्ली माझ्याच खिशात होती. मी दार आतून लावून घेतलं आणि पहिल्यापासून लावली.